केमोचे 21 दिवस घरी कसे सांभाळावेत

मावशीची पहिली केमो झाली त्या संध्याकाळी तिने बाथरूममधून हाक मारली. लघवी लाल! आम्ही रक्त समजलो, मामा रिक्षा आणायला जिन्यापर्यंत पोहोचलाही. मग फाइल उघडली. डॉक्सोरुबिसिन नावाच्या औषधापुढे लिहिलेलंच होतं: औषध लाल आहे, एक-दोन दिवस लघवी लालसर होईल. फाइल आधी कुणीच वाचली नव्हती.

केमोचे बरेचसे त्रास तारीख सांगून येतात. पुढचा हिशोब तीन आठवड्यांच्या सायकलचा, म्हणजे एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या दिवसांचा आहे. दर आठवड्याची केमो किंवा गोळ्या असतील तर दिवस बदलतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सुरू होण्याआधी

केमो भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालते. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला रक्त तयार करणारा मगज हेही तसेच. म्हणून त्रास नेमका तिथे होतो.

डिजिटल थर्मामीटर आणा आणि एक वही घाला: सायकलचा कितवा दिवस, ताप, खाणं, शौच, गोळ्या. रात्री दोन वाजता फोन कुणाला करायचा, तो नंबर पहिल्याच पानावर. पुढे मूल हवं असेल तर आत्ताच विचारा. शुक्राणू किंवा स्त्रीबीजं गोठवून ठेवता येतात, पण ते पहिल्या सलाइनच्या आधी. हा प्रश्न डॉक्टरांनी काढला नाही तर तुम्ही काढा, संकोच नको.

सलाइन चालू असताना

सुईच्या जागी जळजळ झाली की त्याच मिनिटाला सिस्टरना सांगा. काही औषधं शिरेबाहेर झिरपली तर आतलं मांस जळतं. आपल्याकडे पेशंट ‘थोडं दुखणारच’ म्हणून गप्प बसतात, ते इथे महागात पडतं. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं केमोचं औषध असेल तर पुढचे काही दिवस फ्रिजचं पाणी बंद. थंड घोटाने घशात टोचल्यासारखं होतं, फ्रिजमधलं भांडं धरलं तरी बोटांना मुंग्या येतात.

पहिले चार दिवस

उलटीची गोळी उलटी होण्याची वाट न बघता ठरल्या वेळी द्या. मात्र ऑनडॅनसेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट बांधलं जातं, तेव्हा दोन-तीन दिवस शौच झालं नाही तर डॉक्टरांना विचारा. एनिमा स्वतःहून देऊ नका. सोबत स्टेरॉइड असेल तर झोप उडते आणि मधुमेह्यांची साखर चढते. दोन दिवस लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घाला, फ्लश दोनदा करा.

मावशीला फोडणीचा वास सहन होत नसे. शेजारच्या काकूंकडून मऊ भात यायचा, तो कोमट करून ती चार-चार घास दिवसातून सहा वेळा खायची. स्टीलचा चमचा तोंडात कडवट लागायचा, म्हणून प्लास्टिकचा.

सातवा ते चौदावा दिवस

हे दिवस फसवे. मळमळ गेलेली असते, माणूस हसायला-बोलायला लागतो, नातेवाईक भेटायला येतात. नेमक्या त्याच वेळी रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर रात्र असो की दिवाळी, लगेच फोन करून हॉस्पिटल गाठा. आधी क्रोसिन देऊन ‘सकाळी बघू’ करू नका. गोळीने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो आणि काही तासांत जिवावर बेतू शकतं. थंडी वाजून हुडहुडी भरली, धाप लागली, हिरड्यांतून रक्त आलं, पोटात पाणीही ठरत नसलं, तरी थांबू नका.

उसाचा रस, पाणीपुरी, गाडीवरची चटणी बंद. तोंड आलं तर एक लिटर पाण्यात मीठ आणि खाण्याचा सोडा एक-एक चमचा घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा. आणि कुणी प्रेमाने आणलेला गुळवेलीचा काढा कपाटातच राहू द्या. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.

तिसरा आठवडा

सगळ्याच केमोने केस जात नाहीत. जाणार असतील तर पहिल्या डोसनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी उशीवर पुंजके दिसतात. मावशीने आधीच केस बारीक करून घेतले होते, तरी त्या सकाळी ती अभ्रा घेऊन बराच वेळ बसली होती. आम्ही काही बोललो नाही.

ब्लाउजची हुकं लागेनात, पायातली चप्पल निसटलेली कळेना, असं झालं तर पुढच्या डोसआधी सांगा. हातापायांचा असा बधिरपणा, मुंग्या दर वेळी पूर्ण जातातच असं नाही, डोस वेळीच बदलता येतो. रक्ताच्या तपासणीत पेशी कमी आल्या तर सायकल पुढे ढकलतात. त्यासाठी पेशंटला ‘नीट खात नाहीस’ म्हणून बोलू नका.

तपासायला जाताना वही सोबत न्या. आमच्या वहीत पहिल्या सायकलच्या तिसऱ्या दिवसापुढे ‘उलट्या 6’ लिहिलं होतं. डॉक्टरांनी ते बघून गोळी बदलली, पुढच्या सायकलला त्याच रकान्यात ‘1’ आला.