डावा हात पेटीतून कीबोर्डवर आणताना

नौपाड्यात राहतो, वय पन्नाशीकडे. लहानपणी पेटी शिकलो होतो, म्हणून कीबोर्डवर उजवा हात लगेच चालला. डावा मात्र अडला. साहजिकच आहे: पेटीवर तो भाता मारतो, सुरांशी त्याचा संबंध येतच नाही.

उपाय असा केला. उजवा हात मांडीवर. डाव्या हाताने पांढरी एक (C) हा सा धरून फक्त तीन कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर): सा-ग-प, सा-म-ध, नी-रे-प. यातला नी सा-च्या लगेच खालचा, शेजारचाच, त्यामुळे करंगळी जवळजवळ जागेवरच राहते, हात उड्या मारत नाही. बोटं पहिल्या आणि तिसऱ्या कॉर्डला 5-3-1, मधल्या कॉर्डला 5-2-1 (अंगठा 1, करंगळी 5). मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं साधन) मिनिटाला 60 ठोक्यांवर, प्रत्येक कॉर्ड चार मात्रा. कॉर्ड बदलताना नजर खाली जायची थांबली, तेव्हाच उजवा हात घेतला, तोही एकेका लांब सुराने. पूर्ण चाल त्यानंतर. ही पायरी गाळू नका, खरा फरक इथेच पडला.

गाणाऱ्याची पट्टी काळी एक (C#) असेल तर ट्रान्सपोज +1 करा (सगळा कीबोर्ड एका पट्टीने वर चढतो), बोटं तीच राहतात. सुरुवातीला याचा संकोच अजिबात नको.

61 कीजचा, टच रिस्पॉन्स (दाबाप्रमाणे आवाज कमी-जास्त होणं) असलेला साधा कीबोर्ड पुरतो. चाळीत किंवा सोसायटीत रात्री हेडफोन लावून बसता येतं, नोकरी करणाऱ्याला रियाजाची वेळ तीच मिळते.