टक्के वाढले म्हणजे लोह वाढलं असं नाही

गोव्यातल्या डिचोली, सांगे भागातल्या बीआयएफच्या (लोह आणि सिलिकाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खडकाच्या) रासायनिक अपक्षयावर, म्हणजे पाण्याहवेने खडक कुजण्यावर, एम.एस्सी.चा प्रबंध घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. खडक तुम्हाला माहीत आहे. समुद्रतळाशी लोह आणि सिलिकाचे थर साचले, पुढे थोडं रूपांतरण झालं. मग पावसाळ्यांमागून पावसाळे! मॅग्नेटाइट या लोहखनिजाचं हेमॅटाइट झालं, काहीचं पाणी धरणारं गोएथाइट, वर जांभ्याची टोपी आणि खाली बोटांत चुरगळणारा ब्लू डस्ट, म्हणजे हेमॅटाइटची भुकटी.

मी फसले ती एक्सआरएफच्या, म्हणजे क्ष-किरणांनी केलेल्या रासायनिक तपासणीच्या तक्त्यात. ताज्या खडकात Fe₂O₃ (लोहाचा ऑक्साइड) ५० टक्के, ब्लू डस्टमध्ये ८३. मी अख्खं प्रकरण लिहिलं की वरून झिरपणाऱ्या पाण्याने लोह आणून टाकलं. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, "क्वार्ट्झ कुठे गेला?" मला उत्तर देता आलं नाही.

हिशेब कागदावर करा. १०० ग्रॅम खडक घ्या, ५० ग्रॅम Fe₂O₃ आणि ५० ग्रॅम सिलिका, म्हणजे तोच क्वार्ट्झ. त्यातली ४० ग्रॅम सिलिका विरघळून गेली. उरले ६० ग्रॅम, त्यात Fe₂O₃ तेच ५०, म्हणजे ८३.३ टक्के. बाहेरून एक कणही आला नाही. टक्के नेहमी शंभरातच बसतात, एक गेला की दुसरा आपोआप फुगतो. फेरिक लोह, म्हणजे हेमॅटाइटमधलं लोह, साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही. क्वार्ट्झही फार हळू विरघळतो, पण कणांच्या कडांपासून सुटत जातो आणि वेळ लाखो वर्षांचा असतो.

यावर पाठ्यपुस्तकी उपाय म्हणजे न हलणारं मूलद्रव्य धरून गुणोत्तर काढणं, बहुधा टायटॅनियम. इथे तो आंधळेपणाने वापरू नका. बीआयएफमध्ये TiO₂ इतका कमी असतो की यंत्राच्या चुकीतच तो हरवतो, आणि शेजारच्या फायलाइट खडकाची चिमूटभर माती आली तरी आकडा दुप्पट होतो. सिनियरची तयार एक्सेल शीट हेच करते. मी ती घेतली होती, तुम्ही घेऊ नका.

त्यापेक्षा घनता मोजा. पट्टे सरळ, न खचलेले दिसले तर आकारमान तेच राहिलंय असं धरता येतं. ताज्या खडकाची घनता ३.५, त्याच्या ५० टक्के म्हणजे घनसेंटिमीटरमागे १.७५ ग्रॅम Fe₂O₃. ब्लू डस्टची २.१ आली तर ८३.३ टक्क्यांनी पुन्हा १.७५. म्हणजे लोह जागचं हललं नाही. पट्टे खाली बसलेले असतील तर हा हिशेब लागू नाही, तसं लिहून टाका. ढेकळाला मेण लावून पाण्यात तोलता येतं, पण ब्लू डस्टसाठी मापाची स्टीलची नळी ठोकून आतली सगळी पूड वाळवून तोलावी लागते. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या.

जाळल्यावरची घट (नमुना तापवल्यावर कमी होणारं वजन) उणे आली, म्हणजे वजन उलट वाढलं, तर घाबरू नका. मी तीनदा क्रुसिबल पुन्हा तोललं होतं. मॅग्नेटाइट हवेत तापून हेमॅटाइट होताना वजन सुमारे ३.५ टक्के वाढतं. उलट शुद्ध गोएथाइट १० टक्के पाणी सोडतो. दोन्ही एकाच नमुन्यात असले तर एकमेकांना खातात, म्हणून आधी पोर्सेलीनवर घासून कस, म्हणजे उमटणाऱ्या रेघेचा रंग बघा: काळा (मॅग्नेटाइट), तांबूस (हेमॅटाइट) की पिवळट (गोएथाइट).

पावसात बेंचच्या, म्हणजे खाणीत कापलेल्या पायरीच्या पायथ्याशी अजिबात उभं राहू नका, ब्लू डस्टची भिंत सांगून कोसळत नाही. आणि गाईड निवडताना तो फिल्डवर येतो का ते विचारा. माझ्यासोबत कुणी खाणीत आलं असतं, तर पट्टे सरळ आहेत की खचलेत ते पहिल्याच दिवशी बघितलं असतं.

दुरुस्तीला मला तीन आठवडे लागले. नमुने जुनेच, फक्त नळी घेऊन एकदा परत गेले. प्रकरणाचं नाव आता 'सिलिकेचं निर्गमन' आहे.