डिमेन्शियावर थीसिस घेताय? आधी संमतीचा परिच्छेद लिहा

डिमेन्शिया, स्ट्रोक किंवा पार्किन्सन्सच्या रुग्णांवर थीसिस घेतली असेल, तर सॅम्पल साइजची चिंता नंतर करा. सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, अडकते ती संमतीच्या परिच्छेदापाशी. माझी तिथेच अडकली. 'रुग्णाची किंवा नातेवाइकाची लेखी संमती घेतली जाईल' हे एकच वाक्य, तेही सीनियरच्या थीसिसमधून उचललेलं. एथिक्स कमिटीने विचारलं, रुग्ण स्वतः ठरवू शकत नाही हे कोण ठरवणार आणि कशावरून?

'एमएमएसई अमुक गुणांच्या खाली, तर संमती नातेवाइकाची' हे बहुतेकांचं उत्तर असतं आणि ते चालत नाही. एमएमएसई म्हणजे मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन. ती ३० गुणांची चाचणी स्मरण, लक्ष, भाषा तपासते, निर्णयक्षमता नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना शंभरातून सात-सात वजा करायला, वाक्य लिहायला लावलं की गुण जाणारच. हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन त्याचसाठी तयार झाली. पण त्याच आजी 'रक्त काढणार, नको म्हटलं तरी माझी औषधं बंद होणार नाहीत' असं स्वतःच्या शब्दांत सांगतात. ब्रोकाज अफेजियाच्या (मेंदूला इजा होऊन वाचा अडखळलेल्या) माणसाला नीट बोलता येत नाही, कळत मात्र बरंच असतं. त्याला परस्पर बाजूला काढलंत तर अन्याय त्याच्यावर, आणि तुमचं सॅम्पलही एकांगी.

बघायचं ते हे: माहिती समजली का, ती स्वतःला लागू आहे हे उमगलं का, फायद्या-तोट्याचा विचार करता येतो का, निवड सांगता येते का. तेही त्या एका निर्णयापुरतं आणि त्या वेळेपुरतं. रक्ताच्या नमुन्याला होकार देऊ शकणारा माणूस लम्बर पंक्चरबद्दल (कण्यात सुई घालून पाणी काढण्याबद्दल) ठरवू शकेलच असं नाही. ल्युई बॉडी डिमेन्शियात तर दिवसागणिक फरक पडतो, आणि संध्याकाळी गोंधळ वाढणारे रुग्ण पुष्कळ. शक्यतो सकाळी विचारा. संमती देण्याची क्षमता तपासणारी यूबीएसीसी नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे; शॉर्टकट म्हणून एवढाच मला मान्य आहे.

'आधी अंगठा घ्या, मग समजवा' म्हणणारा गाईड मिळाला तर मान डोलवा आणि आपल्या पद्धतीनेच करा. माझ्या मते इथला खरा गुरू म्हणजे स्पीच थेरपिस्ट किंवा वॉर्डातले समाजसेवा अधीक्षक.

रुग्णासोबत आलेला प्रत्येक जण कायदेशीर प्रतिनिधी नसतो. शेजारी नाही, पगारी आयाही नाही. वाचता येत नसेल तर साक्षीदार तुमच्या टीमबाहेरचा हवा. मुलाने सही केली तरी आजींनी हात मागे घेतला की थांबायचं. रुग्ण भानावर आला, समजू लागला की त्याची स्वतःची संमती नव्याने घ्यायची, हे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच आहे. मानसिक आजाराच्या रुग्णावर औषधाचा किंवा इतर हस्तक्षेपाचा अभ्यास असेल आणि तो संमती देऊ शकत नसेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९९ वाचाच. तिथे राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नुसत्या निरीक्षणाच्या थीसिसला एवढं घाबरू नका.

सिनॉप्सिस परत येणं म्हणजे नापास होणं नव्हे, बहुतेकांची येते. उत्तर चिडून लिहू नका. प्रत्येक शेऱ्याखाली बदललेला मजकूर आणि पान क्रमांक द्या, आणि मराठी संमतीपत्रावर इंग्रजी प्रतीचाच आवृत्ती क्रमांक आणि तारीख आहे ना, ते पाठवण्याआधी तपासा.