नवा जोडलेला कॉम्प्युटर चालू होत नसेल तर

बटण दाबलं आणि मशीन ढिम्म हललं नाही, की पहिला संशय महागड्या वस्तूवर जातो: मदरबोर्ड गेला, प्रोसेसर गेला. नव्या जोडणीत खरं तर भाग मेलेला असण्यापेक्षा एखादी वायर अर्धवट बसलेली, रॅम नीट न दाबलेली किंवा स्क्रीनची केबल भलत्या जागी असण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या लोकांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. आपल्याकडे भाग बेंगळूरच्या एस. पी. रोडवरून, पुण्याहून किंवा ऑनलाईन येतात. चांगला बोर्ड बदलीला पाठवला तर कित्येक दिवस वाया जातात आणि दोष घरातच राहतो. म्हणून अंदाजाने काही बदलू नका. बटण दाबल्यावर मशीन नेमकं काय करतं, त्यावरून शोध सुरू करा.

काहीच होत नाही: पंखा नाही, दिवा नाही

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटात टेबल लॅम्प लावून बघा. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवा आणि एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) थेट भिंतीला जोडा. त्याच्या मागचं बटण ‘आय’कडे दाबलेलं हवं, ‘ओ’ म्हणजे बंद. स्वस्त किंवा जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असं लाल सरकतं बटण असतं. ते २३० वरच हवं. ११५ वर ठेवून आपल्याकडची लाईट दिलीत तर आतला भाग फुटतो.

मग मदरबोर्डला जाणाऱ्या दोन केबली बघा. २४ पिनांची रुंद केबल उजव्या कडेला बसते आणि ती बरीच घट्ट असते. खटका अडकल्याचा आवाज यायला हवा. दुसरी केबल वर डाव्या कोपऱ्यात, प्रोसेसरसाठी, ८ पिनांची. सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच. इथे एक घोळ होतो: ग्राफिक्स कार्डची केबलही ८ पिनांचीच असते. प्रोसेसरची ४+४ अशी फुटते, कार्डाची ६+२. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात, त्यामुळे जोर लावून घुसवू नका. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसची सुटी केबलही वापरू नका; खाच जुळली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि हार्डडिस्क जळते.

इथवर ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटणाची बारीक दोन तारांची वायर तपासा. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात ९ पिनांचा गट असतो. बहुतेक बोर्डांवर पॉवर बटण ६ आणि ८ नंबरच्या पिनांवर येतं. मॅन्युअलमधलं चित्र बघून खात्री करा. वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा किंवा त्याच्या वायरचा.

तरीही शांत असेल तर एसएमपीएस एकटा तपासा. सगळ्या केबली काढा. लाईट बंद असताना २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार (१६ नंबर) आणि शेजारची काळी तार जेम्स क्लिपने जोडा, मग लाईट द्या. सगळ्या तारा काळ्या असतील तर पिनांचे नंबर मोजूनच जोडा. पंखा फिरायला हवा, पण काही मॉडेलांत भार नसताना तो मुद्दाम थांबलेला असतो. म्हणून मल्टिमीटर वापरा. १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ दिसायला हवेत. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहतो.

पंखे फिरतात, स्क्रीन काळी

मॉनिटरची केबल कुठे आहे? ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर ती कार्डातच हवी, बोर्डावरच्या एचडीएमआयमध्ये नाही. उलट बाजूने, इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ आहे किंवा रायझन ५६००, ५६००एक्स असेल, त्यात चित्र देणारा भागच नाही. कार्डाशिवाय स्क्रीन कधीच उजळणार नाही.

मग रॅम. एकच पट्टी ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, म्हणजे बहुतेक बोर्डांवर ‘ए२’मध्ये. दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. वाटतं त्याहून जास्त जोर लागतो. चालली नाही तर दुसरी पट्टी लावून बघा. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या वेळी घाई नको. बोर्ड रॅमची चाचणी घेत असतो आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. निदान पंधरा मिनिटं थांबा. मध्येच बंद केलंत तर ते सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज वगैरे असलेली डिस्क) असे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथे गाडं अडलंय. सीपीयूचा दिवा राहिला आणि बोर्ड जुन्या साठ्यातला असेल, तर बायोस, म्हणजे बोर्डातलं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, जुनं असण्याचा दाट संभव. बी४५० बोर्डावर रायझन ५०००, बी६६० बोर्डावर तेराव्या पिढीचा इंटेल अशा जोड्यांत हे हमखास होतं. मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राईव्हवरून नवं बायोस घालता येतं.

सुरू होतो आणि लगेच बंद पडतो

इथे शॉर्टचा संशय घ्या. कॅबिनेटमधले पितळी खुंट बोर्डाच्या भोकांखालीच हवेत. एखादा जास्तीचा खुंट राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो. बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, चकचकीत पिशवीवर नको. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस जोडून बघा, गरज असेल तरच कार्ड. बाहेर चालला तर दोष कॅबिनेटमध्ये. कूलरच्या बुडाचं प्लास्टिक काढलंय ना, तेही बघा.

घरातलं अर्थिंग

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक पुष्कळदा रिकामंच असतं. एसएमपीएसमधला फिल्टर त्या वाटेने गळती जमिनीत सोडतो. वाट नसेल तर ती पत्र्यावर येते. वायरमनकडून फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, २३० च्या आसपास यायला हवं. अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ‘काम झालं’ म्हणणाऱ्याला थांबवा. न्यूट्रल तुटला तर पूर्ण फेज कॅबिनेटवर येतो.

एवढं करूनही एक विशिष्ट भागच दोषी ठरला तर वॉरंटीसाठी पाठवा. मदरबोर्ड पाठवताना सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण पुन्हा बसवा आणि आधी पिनांचा फोटो काढून ठेवा. वाकलेल्या पिनांच्या कारणाने वॉरंटी नाकारली जाते.