जुन्या डिस्क्लाविअरची फ्लॉपी काढून यूएसबी कसं बसवायचं

इकडे न्यू जर्सीत जुना यामाहा डिस्क्लाविअर (आपोआप वाजणारा पियानो हो, खरा तारांचा) कोणी विकायला काढला की ठरलेलं वाक्य असतं, पियानो मस्त आहे फक्त ऑटोप्ले चालत नाही. माझा नव्वदच्या दशकातला मार्क टू मॉडेलचा डिस्क्लाविअर असाच आला. अशा वेळी लगेच बोर्ड गेला, सोलेनॉइड (पट्ट्या हलवणाऱ्या विजेच्या चुंबकी कॉइल) गेले म्हणून डोक्याला हात लावू नका, बऱ्याचदा फक्त फ्लॉपी ड्राइव्ह म्हातारा झालेला असतो.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे मागे किंवा कंट्रोल युनिटवर मिडी इनचं (कोणता सूर किती जोरात वाजवायचा ते सांगणाऱ्या मिडी संकेतांचं) पाच पिनांचं गोल सॉकेट असतं, त्यात साधी यूएसबी-मिडी केबल लावायची आणि लॅपटॉपवरून एखादी मिडी फाइल सोडायची. पट्ट्या हलल्या तर हातपाय शाबूत आहेत. आवाज अर्धा सेकंद उशिरा येतो त्याने घाबरू नका, हळू आणि जोरात वाजणारे सूर एकाच वेळी पडावेत म्हणून पियानोच 500 मिलिसेकंद थांबतो, सेटिंगमधून ते बंदही करता येतं.

आता ड्राइव्ह उघडण्याआधी जुन्या फ्लॉप्यांचा बॅकअप घ्या, हे मी नंतर करू म्हणालो आणि दोन फ्लॉप्या कायमच्या गेल्या. या 720 केबीच्या डबल डेन्सिटी फ्लॉप्या, काही यूएसबी ड्राइव्ह त्या वाचतच नाहीत, आणि विकतच्या गाण्यांच्या फ्लॉप्यांना कॉपी प्रोटेक्शन असतं त्यामुळे नुसतं कॉपी-पेस्ट चालत नाही, त्यासाठी प्लेअर पियानो फ्लॉपी बॅकअप युटिलिटी नावाचं सॉफ्टवेअर आहे ते वापरा.

मग गोटेक नावाचा फ्लॉपी एम्युलेटर घ्यायचा, पियानोला वाटतं फ्लॉपीच आहे पण आत पेनड्राइव्ह. प्लग काढा, थोडा वेळ थांबा (पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो, तिथे बोटं घालायची नाहीत), जुना ड्राइव्ह काढा पण आधी फोटो काढा. रिबन केबलची रंगीत कडा म्हणजे एक नंबर पिन, ती उलटी बसली तर काहीच चालणार नाही. पॉवर 5 व्होल्ट, आणि इथे मात्र प्लस-मायनस मल्टिमीटरने तपासाच, उलटं झालं तर एम्युलेटर संपला. तुमच्या ड्राइव्हची केबल 34 पिनांची नसेल तर अडॅप्टर शोधायला लागेल.

सगळं जोडून पण पियानो डिस्क नाही म्हणतो? मी इथे दोन रात्री घालवल्या. दोष बऱ्याचदा रिबन केबलच्या 34 नंबरच्या पिनचा असतो, काही मशिनला तिथे रेडी (ड्राइव्ह तयार आहे) सिग्नल लागतो, काहींना डिस्क चेंज (डिस्क बदलली). गोटेकमध्ये फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) टाकलं की कॉन्फिग फाइलमध्ये इंटरफेस शुगार्ट किंवा आयबीएम पीसी असं बदलून बघता येतं, ड्राइव्ह सिलेक्टचा जंपरही (ड्राइव्हचा नंबर ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) हलवून बघा.

गाण्यांचं म्हणाल तर मिडी टाइप झिरोच (सगळं एकाच ट्रॅकमध्ये असलेली फाइल) हवी, फाइलचं नाव आठ अक्षरांच्या आत. अगदी सुरुवातीची मॉडेल्स फक्त यामाहाचा ई-सेक फॉरमॅट घेतात आणि त्यात डिस्कवर गाण्यांची यादी ठेवणारी पियानोडिर नावाची वेगळी फाइल असते, तिच्यात नोंद नसेल तर गाणं डिस्कवर असून दिसणार नाही.

आणि स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचाच नसेल तर मिडी इन-आउटला लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर घ्या आणि टॅबलेटवरून वाजवा, जुन्या फ्लॉप्या तेवढ्या तशाच राहतील.

एखादी पट्टी हळू आवाजाच्या भागात सूर गाळत असेल तर तो बहुतेक इलेक्ट्रॉनिक्सचा प्रश्न नाही, दमट हवेने अ‍ॅक्शन (पट्टी आणि हातोडीची यंत्रणा) जड झालेली असते, त्यासाठी सरळ पियानो टेक्निशियनला बोलवा.