शाळेची बाग आणि चौपाटीची सफाई: मुंबईतल्या मुलांनी काम कसं सुरू करावं आणि कसं टिकवावं

५ जूनला पर्यावरण दिन येतो, तेव्हा राज्य मंडळाच्या शाळांना सुट्टी असते. शाळा उघडतात जूनच्या मध्याला. मग कार्यक्रम होतो, रोपं लागतात, फोटो निघतात आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या उरतात. यात मुलांचा उत्साह कमी पडत नाही. रविवारी पाणी कोण घालणार, गोळा केलेल्या कचऱ्याच्या गोण्या कोण उचलणार, हे कुणी आधी ठरवलेलं नसतं आणि काम तिथेच मोडतं. म्हणून खालच्या प्रत्येक टप्प्यात दुसऱ्या दिवसाची सोय आधी पाहिली आहे.

आधी माणसं जोडा

पहिल्या वर्षी पंधरा-वीस मुलांचा गट पुरे. शाळेत हरित सेना किंवा स्काउट-गाइडचं पथक असेल तर त्याच्याच छत्राखाली काम करा. एक शिक्षक आणि आठवड्यातला एखादा तास तिथे आयताच मिळतो. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. पण त्याआधी शाळेच्या मावशींना आणि शिपाईमामांना भेटा. नळ कधी येतो, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, झाडलेला पाला कुठे जातो, हे सगळं त्यांना ठाऊक असतं. त्यांना विश्वासात न घेता सुरू केलेली बाग त्यांच्यासाठी फक्त वाढीव काम ठरते.

जागा आणि ऊन

मैदान नाही म्हणून अडू नका. गच्ची, व्हरांड्याचा कठडा, खिडकीचं ग्रिल, काहीही चालतं. भाजीला रोज चार-पाच तास थेट ऊन हवं आणि मुंबईत शेजारची इमारत ते कधी अडवेल सांगता येत नाही. नऊ, बारा आणि तीन वाजता जागेवर जाऊन ऊन कुठे पडतं ते खडूने आखून ठेवा. गच्चीवर जायचं असेल तर वजनाचा विचार करा. ओल्या मातीने भरलेली २० लिटरची बादली २५ किलोच्या आसपास भरते. गच्ची गळते का, किती भार पेलेल, हे शाळेमार्फत जाणकाराला विचारूनच कुंड्या चढवा.

तेलाचे डबे, फुटक्या बादल्या, सिमेंटच्या धुतलेल्या गोण्या वापरा. तळाला भोकं हवीतच. लाल माती, कंपोस्ट आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात मिसळलं की मिश्रण हलकं राहतं.

शाळेच्या वेळापत्रकावर पिकं बसवा

इथे घाई नडते. जुलैच्या धो-धो पावसात मेथी-कोथिंबिरीचं बी वाहून जातं किंवा कुजतं. पावसाळ्यात अळू, भेंडी, दोडका, पडवळ घ्या. वेल ग्रिलवर चढतात आणि अळू तर गच्चीचं पाणी पडतं तिथे आनंदाने वाढतं. दिवाळीची सुट्टी संपली की मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर. धणे पेरण्याआधी रगडून दोन फाकी करायला विसरू नका.

पहिलं पीक म्हणून मी आग्रहाने मेथीच सुचवेन. महिन्याभरात भाजी हाती येते आणि सहावीतल्या मुलाचा धीरही तेवढाच असतो. त्याहून लवकर काही हवं असेल तर मेथीदाणे रात्रभर भिजवून उथळ ट्रेमध्ये दाट पेरा आणि कोवळी असतानाच कापा. बाजारात छोट्या जुड्यांत मिळते त्या समुद्र मेथीसारखी ती लागते. कायमस्वरूपी झाडांत गवती चहा, कढीपत्ता, कोरफड आणि ओव्याचं पान ठेवा. थोडी हेळसांड ही झाडं सोसतात.

आणि कुंडीखालच्या ताटल्या! डेंग्यूचे डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांची नवी पिढी उडते. ताटल्या शक्यतो ठेवूच नका. ठेवल्याच तर आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासा. हे काम ठरलेल्या वारी, ठरलेल्या मुलांकडे द्या.

पाला जाळू नका

जानेवारी ते मार्चमध्ये शाळेच्या आवारात बदाम, पिंपळ, पर्जन्यवृक्षाचा भरपूर पाला पडतो. तो वर्षभराचा साठा आहे, गोण्यांत भरून कोरडा ठेवा. बाजूला भोकं पाडलेले दोन ड्रम घ्या. डब्यातली फळांची सालं, भाजीचे देठ यांचा एक थर आणि सुक्या पाल्याचे दोन थर असं भरत जा. तेलकट भाजी, मासे, मटण नको. मिश्रण मुठीत दाबलं की एक-दोन थेंब यावेत, इतकाच ओलावा हवा. दर चार-पाच दिवसांनी हलवा. वास आला तर पाणी जास्त झालंय, सुका पाला वाढवा. दोनेक महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार होतं. पावसाळ्यात ड्रमवर झाकण हवंच.

हे खत झाल्यावर मुलांना एकदा धारावी-माहीमच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात न्या. पूर्वी कचरा टाकायच्या जागेवर उभं राहिलेलं ते जंगल पाहिलं की ड्रममध्ये काय चाललंय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सफाई: आधी शाळेची गल्ली, मग समुद्र

पहिल्या दोन-तीन फेऱ्या शाळेच्या फाटकापासून नाक्यापर्यंतच करा. मुलांना कचरा वेगळा करण्याची सवय होते आणि रोज त्याच रस्त्याने जाताना फरकही दिसतो. त्यानंतर चौपाटी.

चौपाटीसाठी भरती-ओहोटी पाहणं सर्वांत महत्त्वाचं. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीच्या पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास. द्वितीयेला भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर दोन-तीन दिवसांनी येणारी सुट्टीची सकाळ मुलांसाठी उत्तम. हा अंदाज आहे, त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक जरूर पाहा. सातला सुरू करून नवाच्या आत आवरा. जून ते सप्टेंबर मुलांना पाण्याजवळ नेऊ नका. समुद्र खवळलेला असतो आणि दंश करणारे निळे, जेलीफिशसारखे दिसणारे ब्लू बॉटल जुहू-गिरगावला वाळूवर येतात.

आठवडाभर आधी वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा व्यवस्थापन विभागाला पत्र द्या: तारीख, जागा, मुलं किती, गोण्या अंदाजे किती आणि त्या नेमक्या कुठे रचणार. गाडी कधी येईल ते विचारून संबंधितांचं नाव लिहून घ्या. हे न करता गेलात तर रात्रीत कुत्री गोण्या फाडतात आणि भरतीला सगळं पुन्हा पाण्यात. गाडी आलीच नाही तर पालिकेच्या १९१६ क्रमांकावर तक्रार नोंदवा.

पालकांची लेखी संमती, जाड हातमोजे, बंद बूट, टोपी, प्रत्येकाची पाण्याची बाटली, प्रथमोपचाराची पेटी आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस. सुया, पॅड, फुटकी काच मुलांनी उचलायची नाही. त्यांनी हात वर करून हाक मारायची आणि मोठ्यांनी चिमट्याने घ्यायचं. वाळूवर पसरलेलं जाळं कचरा समजून ओढू नका, ते कुणाचं तरी वाळत घातलेलं असू शकतं. कोळीवाड्यात आधी विचारा. शंख-शिंपले जिथल्या तिथे राहू द्या.

वेगळं करणं तिथेच करा. बाटल्या आणि धातू भंगारवाल्याला जातात, त्याला आधी सांगून ठेवा. वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं तो सहसा घेत नाही. ती, थर्माकोल आणि चपला वेगवेगळ्या गोण्यांत.

एका सकाळीने किनारा साफ होत नाही, हे मुलांना आधीच सांगा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये काम सुरू केलं, आठवड्यामागून आठवडे लोक येत राहिले. मार्च २०१८ मध्ये तिथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. महिन्यातून एकदा, पण त्याच पट्ट्यावर जाणं हे दरवेळी नवी चौपाटी गाठण्यापेक्षा कितीतरी मोलाचं.

वही ठेवा

प्रत्येक फेरीत कशाचा कचरा किती, ते मोजून लिहा. गल्लीत जास्त पाकिटं शाळेच्याच कँटीनची निघाली तर पुढचं काम कँटीनमध्ये आहे. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. तरीही नाक्यावर बंदीतल्या पिशव्या मिळत असतील तर चार महिन्यांची नोंद जोडून मुलांनी दुकानदाराशी नम्रपणे बोलावं आणि वॉर्ड ऑफिसला पत्र लिहावं. आकडे हाती असले की मोठी माणसं ऐकतात, हे मुलांना याच वयात कळायला हवं.

मे महिन्याची सोय

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात उरलेली भाजी काढून घ्या आणि त्या कुंड्यांवर सुक्या पाल्याचा जाड थर द्या. मोठ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवा, पाणी कमी लागतं. लहान कुंड्या गावी न जाणाऱ्या मुलांच्या घरी द्या. कुठली कुंडी कुणाकडे, आवारातल्या कुंड्यांना कुठल्या वारी कोण पाणी घालणार आणि जूनमध्ये कुंड्या कोणत्या तारखेला परत आणायच्या, ही यादी सूचनाफलकावर लावा. एक प्रत शिपाईमामांकडे ठेवा.