बुबुळाच्या जखमेवर प्रकाशोपचार घेण्यापूर्वी

खानदेशात ज्वारी-बाजरीच्या काढणीत कूस डोळ्यात गेले, तर डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून घालू नयेत, कारण बुरशीचा संसर्ग असल्यास ते आगीत तेल ओतल्यासारखे ठरते. उजेड सहन होईनासा झाला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा आणि जखम खरवडून नमुना तपासला जाईल का, हे विचारावे. पुढचे सारे त्या अहवालावर ठरते.

‘क्रॉस-लिंकिंग’ हा प्रकाशोपचार सुचवला गेल्यास त्याची रीत अशी असते: डोळा बधिर करून पारपटलावर (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर) रायबोफ्लेविनचे, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब दर काही मिनिटांनी घालतात आणि ते मुरल्यावर सुमारे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश सोडतात, ज्यामुळे तयार होणारा क्रियाशील ऑक्सिजन जंतूंना मारतो व पारपटलातील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू घट्ट बांधले जाऊन जखमेपाशी पारपटल विरघळण्याचा वेग मंदावतो.

मात्र हा जोड-उपचार आहे, औषधाला पर्याय नव्हे. वरवरच्या जिवाणूजन्य जखमेत त्याचा विचार करणे रास्त. खोल बुरशीत त्यावर भिस्त ठेवू नये. त्या डोळ्याला पूर्वी हर्पिस (एक विषाणूजन्य संसर्ग) झाला असल्यास ते आवर्जून सांगावे, तसेच पारपटलाची जाडी मोजून घ्यावी, कारण सुमारे ४०० मायक्रॉनपेक्षा पातळ पारपटलात आतल्या पेशींना इजा होऊ शकते.

उपचारानंतर काही दिवस डोळा दुखतो. औषधाचे थेंब ठरल्या वेळी चालूच ठेवावेत आणि कापूस वेचणीला जाण्याची घाई करू नये.